स्टिअरिंग रॅकचे बूट: तपासणी आणि बदली (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

रॅक बूट म्हणजे नेमकं काय? गाडीत तो कुठे असतो?

स्टिअरिंग फिरवलं की गाडीखाली एक आडवा दांडा डावी-उजवीकडे सरकतो. तो रॅक. रॅकच्या दोन्ही टोकांना बॉल जॉइंट असलेले दांडे लावलेले असतात. गॅरेजमध्ये त्यांना रॅक एंड म्हणतात. रॅक एंडच्या बाहेरच्या आट्यांवर टाय रॉड एंड बसतो आणि तो चाकाच्या नकलला (चाक ज्यावर बसतं त्या वळणाऱ्या भागाला) ओढतो-ढकलतो. रॅक जिथे आपल्या नळकांड्यातून बाहेर येते, तिथपासून रॅक एंडच्या दांड्यापर्यंत हार्मोनियमच्या भात्यासारखं घड्यांचं रबर असतं. तोच रॅक बूट. कुणी त्याला बेलो म्हणतं, कुणी स्टिअरिंग बूट, कुणी नुसतं डस्ट कव्हर.

गाडीला असे दोन बूट असतात, डावा आणि उजवा. रुंद तोंड रॅकच्या नळकांड्यावर क्लॅम्पने आवळलेलं असतं आणि अरुंद तोंड दांड्यावर स्प्रिंगच्या क्लिपने धरलेलं असतं. काम दोनच: आतलं ग्रीस आत ठेवायचं आणि बाहेरचं पाणी, माती बाहेर ठेवायची.

मेकॅनिक म्हणाला "बूट फाटलाय". तो ॲक्सल बूटबद्दल बोलत असेल का?

असू शकेल, म्हणून लगेच विचारा. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढच्या बाजूला बरेच रबरी बूट असतात. ड्राइव्ह शाफ्टच्या दोन्ही टोकांना ॲक्सल बूट असतात. ते जाड असतात आणि चाकाबरोबर गरागरा फिरतात, त्यामुळे फाटले की चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचा फवारा उडालेला दिसतो. रॅक बूट फिरत नाही, फक्त आखडतो आणि ताणला जातो. तो फाटला तर फवारा नसतो. फार तर घड्यांच्या खाली चिकट काळा ओघळ दिसतो, अनेकदा तोही नसतो. म्हणूनच ॲक्सल बूट लवकर लक्षात येतो आणि रॅक बूट महिनोन्‌महिने तसाच राहतो.

याशिवाय टाय रॉड एंडच्या बॉलवर एक लहान वाटीएवढं रबर असतं. तोही "बूट"च, पण त्याचं काम वेगळं आणि किंमतही वेगळी. बिलावर नुसतं "बूट" लिहिलं असेल तर कोणता, कुठल्या बाजूचा, हे लिहून घ्या.

माझ्या गाडीला रॅक बूट आहेत हे कसं कळेल?

आज रस्त्यावर दिसणाऱ्या जवळपास सगळ्या लहान-मध्यम कारना रॅक अँड पिनियन स्टिअरिंग आहे (पिनियन म्हणजे रॅकला सरकवणारं लहान दातेरी चाक), म्हणजे बूट आहेतच. मारुती जिप्सी आणि जुन्या जीप यांना रॅक नसते, स्टिअरिंग बॉक्स असतो. ट्रक आणि बसचंही तसंच. त्यांच्या मालकांना या पानाचा उपयोग नाही.

बूट फाटलाय, पण गाडी एकदम सरळ चालते. आवाज नाही, स्टिअरिंग हलकं आहे. मग बदलायची घाई कशाला?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच. बूट फाटल्याने त्या दिवशी काहीच बिघडत नाही, हे खरं आहे. बिघडतं ते पुढच्या पावसाळ्यात.

रॅक एंडचा बॉल आपल्या खोबणीत ग्रीसवर फिरतो. फटीतून बारीक धूळ शिरते, ग्रीसमध्ये मिसळते आणि त्या ग्रीसचा घासणीचा लेप होतो. कोकणात किंवा सह्याद्रीच्या घाटमाथ्यावर चालणाऱ्या गाडीचा फाटका बूट कापून पाहा. आत विटकरी रंगाचा लगदा निघतो. बोटावर घेऊन चोळला तर तांबड्या मातीची खरखर लागते. त्या लगद्यात बॉल वर्षभर फिरला की खोबण सैल होते. खड्ड्यातून किंवा स्पीडब्रेकरवरून जाताना पुढून "टक्‌-टक्‌" येऊ लागतं, टायर आतून किंवा बाहेरून एकसारखा न झिजता पिसासारखा झिजतो आणि गाडी रस्त्यावर किंचित भटकते.

पाण्याचं नुकसान जास्त महाग पडतं. रॅकचा दांडा घासून चकचकीत केलेला पोलादी असतो. बूटमध्ये शिरलेलं पाणी तळाच्या घडीत साचून राहतं, वाळत नाही. दांड्यावर गंजाचे ठिपके येतात आणि स्टिअरिंग फिरवलं की तेच खडबडीत ठिपके रॅकच्या बुशातून किंवा ऑइल सीलमधून आत-बाहेर जातात. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंग असेल तर सील कापला जातो आणि तेल गळायला लागतं. इलेक्ट्रिक मोटर थेट रॅकवर बसवलेली असेल तर तिथल्या बॉल स्क्रूपर्यंत आणि बेल्टपर्यंत ओल पोचते. या दोन्हीत बूटचा प्रश्न संपून अख्ख्या रॅकचा प्रश्न सुरू होतो. बहुतेक लहान गाड्यांना बूट काही शे रुपयांत मिळतो, रॅक मात्र हजारांत जाते.

रॅक एंडचा बॉल पार सैल झाला तर खोबणीतून निसटू शकतो आणि तसं झालं तर त्या चाकावर तुमचा ताबा राहत नाही. हे रोज घडत नाही, त्याआधी बराच काळ खडखड ऐकू येते. पण खडखड ऐकूनही गाडी चालवत राहणारे लोक आपल्याकडे कमी नाहीत.

पीयूसीला किंवा आरटीओच्या तपासणीत हे पकडलं जात नाही का?

पीयूसी फक्त धुराची. खाजगी कारची नोंदणी १५ वर्षांची असते. त्यानंतर नूतनीकरणाच्या वेळीच आरटीओ गाडी तपासतं, तोपर्यंत खाली वाकून पाहायची सक्ती कुणावर नाही. म्हणजे ही जबाबदारी पूर्णपणे मालकाची.

बूट किती दिवसांनी तपासावा? घरी तपासता येतो का?

सर्व्हिसच्या वेळी गाडी रॅम्पवर चढतेच, तेव्हा पाच मिनिटं खाली उभं राहून बघा. त्याखेरीज दोनदा आवर्जून: मे महिन्याच्या शेवटी, पाऊस सुरू होण्याआधी, आणि प्रत्येक व्हील अलाइनमेंटनंतर लगेच. अलाइनमेंटनंतर का, ते पुढे येईल.

घरी तपासायला फारसं काही लागत नाही. गाडी सपाट जागी लावा, हँडब्रेक ओढा, स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवा. आता चाकाच्या मागच्या फटीतून टॉर्च मारली की टाय रॉड (रॅक एंडचा दांडा आणि टाय रॉड एंड मिळून) दिसेल. त्याच्या मागोमाग नजर आत नेली की बूट दिसतो. डोळा पोचत नसेल तर मोबाइलचा व्हिडिओ आणि फ्लॅश चालू करून हात आत घाला, मग सावकाश व्हिडिओ पाहा. नंतर स्टिअरिंग दुसऱ्या बाजूला पूर्ण वळवून परत तेच. ही दोन्हीकडची पाहणी टाळू नका. स्टिअरिंग सरळ असताना घड्या मिटलेल्या असतात आणि भेग बहुतेक वेळा दोन घड्यांच्या मधल्या खोलगट भागात असते. बूट पूर्ण ताणला गेला की तीच भेग तोंड उघडते.

हाताने पाहताना घड्या बोटांनी उघडून बघा. रबर मऊ आणि काळंभोर हवं. राखाडी पडलं असेल, त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेषा असतील, किंवा दाबल्यावर कडक वाटत असेल, तर अजून फाटला नसला तरी त्याचे दिवस भरलेत. दोन्ही तोंडं ओढून पाहा. क्लॅम्प असूनही तोंड हाताने फिरत असेल किंवा खोबणीतून बाहेर आलं असेल, तर तो बूट फाटलेलाच समजा. पाण्याला वाट मिळाली की झालं. शेवटी बूट तळाशी दाबा. आत पाणी असेल तर गचगच जाणवतं.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र जाऊ नका. खाली शिरायचं असेल तर जॅक स्टँड लागतो. वीट, दगड, जुना टायर यांच्या भरवशावर गाडी ठेवू नये.

सांध्यात खेळ (ढिलाई) आला आहे की नाही, हे बूट न काढता कळतं?

बऱ्यापैकी कळतं. पुढचं चाक जमिनीवरून उचला आणि गाडी स्टँडवर टेकवा. चाक घड्याळातल्या नऊ आणि तीनच्या जागी धरून झटक्याने हलवा. सोबत्याला बूटवरून रॅक एंडचा बॉल मुठीत धरायला सांगा. बॉल सैल असेल तर त्याच्या मुठीत स्पष्ट "टक्‌" लागतं. मग तेच टाय रॉड एंडवर हात ठेवून करा. चाक बारा आणि सहाच्या जागी धरूनही तसंच हलत असेल तर संशय चाकाच्या बेअरिंगवर किंवा लोअर आर्मच्या (चाकाला खालून धरणाऱ्या सस्पेन्शनच्या भागाच्या) बॉल जॉइंटवर जातो, रॅकवर नाही. खडखडीचा दोष रॅकवर ढकलण्याआधी लिंक रॉड आणि लोअर आर्मचे बुशही पाहून घ्या. आपल्या रस्त्यांवर आधी तेच जातात.

बूटमधून तेल गळतंय. बूट बदलला की थांबेल?

नाही. बूटमध्ये तेल नसतंच, फक्त ग्रीस असतं. हायड्रॉलिक पॉवर स्टिअरिंगच्या गाडीत बूटमधून पातळ तेल येत असेल तर आतला सील गेला आहे आणि बूट त्या तेलाचा नुसता तांब्या झालाय. नवा बूट घातलात तर तोही भरेल. स्टिअरिंग ऑइलच्या डबीतली पातळी कमी होत असेल तर निदान पक्कं. मग सील बदलून रॅक दुरुस्त करायची की नवी घ्यायची, हे दांड्याच्या अवस्थेवरून ठरतं. दांडा गुळगुळीत असेल तर सील किट बसतं. खड्डे पडले असतील तर नवा सील काही महिन्यांत परत कापला जातो.

आता बऱ्याच लहान कारमध्ये इलेक्ट्रिक स्टिअरिंग असतं आणि त्याची मोटर डॅशबोर्डखाली स्टिअरिंगच्या दांड्यावर बसवलेली असते. तिथे खाली रॅकमध्ये तेलच नाही. अशा गाडीचा बूट तेलकट दिसला तर तेल वरून आलंय, इंजिनमधून किंवा गिअरबॉक्सच्या ड्राइव्ह शाफ्ट सीलमधून. आधी ती गळती थांबवा, कारण तेलाने रबर फुगतं आणि मऊ पडतं.

बूट फाटतात कशामुळे? माझ्या गाडीचे ४ वर्षांतच गेले, भावाच्या गाडीचे १० वर्षं टिकले.

वय, ऊन आणि इंजिनची उष्णता ही कारणं सगळ्यांना लागू आहेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात उभ्या गाडीचं रबर नुसतं हवेनेही सुकतं. पण लवकर फाटलेल्या बूटांमागे बहुतेक वेळा माणसाचा हात असतो.

पहिलं कारण व्हील अलाइनमेंट. टो (वरून पाहता चाकं किती आत-बाहेर वळलेली आहेत ते) जुळवताना मेकॅनिक चेक नट (टाय रॉड एंडला जागेवर पक्कं धरणारा नट) सैल करून रॅक एंडचा दांडा पान्याने फिरवतो. बूटचं अरुंद तोंड त्या दांड्यावर क्लिपने धरलेलं असतं. आधी क्लिप सैल करून तोंड मोकळं केलं नाही, तर दांड्याबरोबर तोंड फिरतं, पण रुंद तोंड जागेवर राहतं. बूट पिळला जातो. पिळलेल्या घड्या मग प्रत्येक वळणावर एकाच रेषेत दुमडतात आणि तिथेच चिरतात. संगणकावरचे हिरवे आकडे दाखवून गाडी परत मिळते, पण खाली बूट पिळून निघालेला असतो. अलाइनमेंटनंतर वाकून बघा, घड्या एकमेकींना समांतर गोल दिसायला हव्यात. तिरप्या रेषा दिसल्या तर तिथल्या तिथे क्लिप सैल करून तोंड सरळ करायला सांगा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

दुसरं, पावसाळ्याआधी गाडीखाली डिझेल किंवा जळकं ऑइल मारायची जुनी सवय. गंज थांबतो म्हणून मारतात. पत्र्याचं काय होईल ते होवो, रबराला ते विष आहे. तिसरं, वॉशिंग सेंटरवरच्या प्रेशर गनचा फवारा थेट बूटच्या तोंडावर. क्लिप सैल असेल तर त्या जोराने पाणी सरळ आत जातं. अंडरबॉडी वॉश घ्या, पण गन थोडी लांबून धरायला सांगा.

उंदीर उरले. आठवडाभर एकाच जागी उभ्या असलेल्या गाडीत वायरिंगबरोबर बूटही कुरतडलेला सापडतो. त्याच्या कडा दातेरी असतात, वयाने फाटलेल्या भेगेसारख्या सरळ नसतात. कारण कळलं तर नवा बूटही वाचेल.

नुसता बूट बदलावा, की रॅक एंडही? गॅरेजवाला अख्खी रॅक बदला म्हणतोय.

आत काय सापडतं त्यावर ठरवा, आधी नाही. बूट मागे सरकवल्यावर रॅक एंडचा बॉल हाताने सगळीकडे फिरवून पाहा. चांगला जॉइंट जरा घट्ट वाटतो, सावकाश आणि सारख्या ताकदीने फिरतो. दांडा आपल्या वजनाने धप्पकन खाली पडत असेल, मधेच अडकत असेल, किंवा ओढल्या-ढकलल्यावर जराही सरकत असेल, तर रॅक एंड बदला. तो सुटा मिळतो आणि त्या वेळी बदलला तर मजुरीत फारसा फरक पडत नाही.

रॅक बदलायला ठोस कारण हवं: दांड्यावर हाताला लागणारे गंजाचे खड्डे, सीलमधून गळती, पिनियनपाशी खेळ, किंवा स्टिअरिंग मधल्या जागी अडकणं. यातलं एक तरी डोळ्यांनी दाखवायला सांगा. "बूट फाटला म्हणजे रॅक गेली" हे मान्य करू नका. ग्रीस अजून पिवळसर किंवा काळं पण स्वच्छ असेल, खरखर नसेल, तर नवा बूट आणि नवं ग्रीस पुरतं.

एकच बाजू फाटली आहे. दोन्ही बदलू का?

वयाने फाटला असेल तर दोन्ही. दोघांचं वय एकच आहे आणि अलाइनमेंटचा खर्च एकदाच येतो. उंदराने कुरतडला किंवा पिळून फाटला असेल आणि दुसरा मऊ असेल तर एकच पुरे.

कोणता बूट घ्यावा? ओरिजिनल की बाजारातला?

कंपनीच्या काउंटरवर चॅसिस नंबर देऊन घेतलेला बूट सगळ्यात बिनधोक. एकाच नावाच्या गाडीच्या पेट्रोल-डिझेल, जुन्या-नव्या मॉडेलमध्ये रॅक वेगळी असू शकते. बूटच्या दोन्ही तोंडांचा व्यास आणि लांबी जुळली पाहिजे. काही गाड्यांत डावा-उजवा बूट वेगळा असतो. नावाजलेल्या रबर उत्पादकाचा बाजारातला बूटही चालतो, पण हातात घेऊन बघा. घड्या ताणल्यावर मधलं रबर पांढरं पडत असेल किंवा उग्र वास येत असेल तर ठेवून द्या.

"सगळ्या गाड्यांना चालणारा" ताणून बसवायचा बूट मिळतो, तसाच चिरलेला, गोंदाने जोडायचा बूटही मिळतो. दुसऱ्याला टाय रॉड काढावा लागत नाही, म्हणून मेकॅनिकला आवडतो. त्याची जोडरेघ हीच त्याची कमजोर जागा. तेलकट-धुळकट हाताने लावलेला गोंद पहिल्या पावसातच सुटतो. गावाकडे अडकलात तर ठीक, कायमचा नको.

बूटबरोबर दोन्ही क्लिपा नव्या घ्या. कारखान्यातून येणारा रुंद तोंडाचा क्लॅम्प बहुतेक वेळा एकदाच वापरायचा असतो.

स्वतः बदलता येईल का? कसा?

चाक बदलण्याच्या पुढचं काही कधी केलं नसेल तर नका करू, हे स्टिअरिंग आहे. ब्रेक पॅड स्वतः बदलणाऱ्याला मात्र अवघड नाही. एका बाजूला तास-दीड तास धरा, गंज असेल तर अर्धा दिवस.

सपाट जागा, मागच्या चाकांना ओट (गाडी घरंगळू नये म्हणून अटकाव), चाकाचे नट जमिनीवरच सैल करून मग जॅक आणि लगेच स्टँड. चाक काढल्यावर आधी वायर ब्रशने आटे साफ करा आणि गंज सोडवणारा स्प्रे मारून दहा-पंधरा मिनिटं थांबा. या थांबण्याने पुढचा तास वाचतो.

आता खूण. टाय रॉड एंड, चेक नट आणि रॅक एंडचा दांडा या तिघांवर एकाच सरळ रेषेत व्हाइटनरची किंवा नेलपॉलिशची रेघ ओढा. मोजपट्टीने चेक नटच्या बाहेरच्या कडेपासून टाय रॉड एंडच्या बॉलच्या मध्यापर्यंतचं अंतर मोजा आणि फोटो काढा. मग टाय रॉड एंड एका पान्याने स्थिर धरून दुसऱ्याने चेक नट पाव फेराच सैल करा, जास्त नाही.

टाय रॉड एंडचा कॅसल नट (पिनेसाठी खाचा असलेला नट) सोडण्याआधी स्प्लिट पिन काढा. ती सरळ करून परत वापरायची नाही, नवी घालायची. नट पूर्ण काढू नका, दोन-तीन आट्यांवर राहू द्या, म्हणजे स्टड (टाय रॉड एंडच्या बॉलचा आटे असलेला खुंटा) अचानक सुटून अंगावर येणार नाही. स्टड नकलच्या निमुळत्या भोकात घट्ट बसलेला असतो. पुलर असेल तर उत्तम. नसेल तर नकलच्या कानावर, म्हणजे ज्या भोकात स्टड बसतो त्याच्या बाजूवर, हातोड्याचे एक-दोन जोरदार घाव घाला. स्टडच्या टोकावर मारू नका, आटे चेपतात आणि मग नवा टाय रॉड एंड घ्यावा लागतो. दुतोंडी लोखंडी पाचर ठोकून काढायची पद्धतही टाळा. तिने टाय रॉड एंडचं लहान रबर नक्की फाटतं.

सुटला की टाय रॉड एंड आट्यांवरून फिरवून काढा आणि पूर्ण फेरे मोजून कागदावर लिहा. बहुतेक गाड्यांत आटे उजवेच असतात, पण काहींत एका बाजूला उलटे असतात, म्हणून पहिला फेरा बघून फिरवा. मग चेक नट. अरुंद तोंडाची क्लिप पकडीने दाबून सरकवा. रुंद तोंडाचा क्लॅम्प कापताना कटरचं टोक बाहेरच्या दिशेला ठेवा, रॅकच्या नळकांड्यावर ओरखडा नको. बूट बाहेर ओढा.

आता घाई करू नका. जुनं ग्रीस स्वच्छ, कोरड्या, धागे न सुटणाऱ्या कापडाने पुसून काढा. पेट्रोल किंवा डिझेल ओतून धुवायचं नाही आणि हवेचा पाइपही आत मारायचा नाही, दोन्हीने घाण रॅकच्या नळकांड्यात ढकलली जाते. सोबत्याला स्टिअरिंग सावकाश फिरवायला सांगा, म्हणजे दांडा बाहेर येईल आणि त्यावर गंज आहे का ते दिसेल. दांड्यावर पॉलिश पेपर मारू नका. रॅक एंडचा बॉल तपासायची वेळ हीच.

बॉलवर आणि दांड्याच्या दिसणाऱ्या भागावर ग्रीसचा पातळ थर लावा. नव्या बूटच्या अरुंद तोंडाला आतून थोडं सिलिकॉन ग्रीस लावा. पुढे अलाइनमेंटवाल्याने दांडा फिरवला तरी तोंड त्यावर घसरेल, पिळणार नाही. बूट सरकवा, रुंद तोंडाची कड नळकांड्याच्या खोबणीत पूर्ण बसली का ते बोट गोल फिरवून पाहा. काही जुन्या हायड्रॉलिक रॅकमध्ये दोन्ही बूटांना जोडणारी हवेची नळी असते, तिचं भोक नळीशी जुळवा. रुंद क्लॅम्प आवळा. अरुंद तोंड दांड्यावरच्या त्याच्या खाचेत बसवा, पण क्लिप अजून लावू नका.

चेक नट, मग टाय रॉड एंड मोजलेल्या फेऱ्यांनी, रेघेला रेघ जुळवून. स्टड नकलमध्ये घालून कॅसल नट टॉर्क रेंचने आवळा. आकडा तुमच्या गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधलाच घ्या, शेजाऱ्याच्या गाडीचा नाही. आवळताना स्टडच नटाबरोबर फिरत असेल तर टाय रॉड एंडच्या खाली जॅक लावून हलका दाब द्या, स्टड भोकात पकडतो. स्प्लिट पिनचं भोक जुळलं नाही तर नट आणखी थोडा पुढे आवळा, मागे सैल कधीच करू नका. चेक नट आवळा, चाक लावा, गाडी खाली घ्या.

पूर्वीइतकेच फेरे मोजून बसवलं. तरी अलाइनमेंट करावीच लागते?

हो. हिशोब करून बघा. आट्याचा पिच (दोन आट्यांमधलं अंतर) १.५ मिलिमीटर असेल तर टाय रॉड एंडच्या एका फेऱ्याने दांड्याची लांबी १.५ मिलिमीटर बदलते. नकलचा आर्म साधारण १३० मिलिमीटरचा धरला तर चाक सुमारे ०.६६ अंशांनी वळतं. १४ इंची रिमच्या कडेला तो फरक सुमारे ४ मिलिमीटर होतो. टोची सूट बहुतेक गाड्यांत त्यापेक्षा बरीच कमी असते. पाव फेऱ्याची चूकही टायर खायला पुरेशी आहे. घरून अलाइनमेंटच्या दुकानापर्यंत सावकाश जायला तुमच्या खुणा पुरतात, त्यापुढे नाही.

दुकानात सांगा: "बूटची क्लिप मोकळी आहे, टो झाल्यावर तोंड सरळ करून क्लिप लावा." आणि लावताना बघा. स्टिअरिंग व्हील सरळ आलं पाहिजे. ईएससी (गाडी घसरू नये म्हणून असलेली इलेक्ट्रॉनिक यंत्रणा) असलेल्या गाडीत स्टिअरिंग अँगल सेन्सर परत शून्यावर आणावा लागू शकतो. तशी लाइट पेटली तर स्कॅनरने करून घ्या.

क्लिपऐवजी केबल टाय चालेल?

अरुंद तोंडावर चांगल्या दर्जाची, उन्हात न कडकणारी काळी टाय चालते, काही बूटांच्या पुड्यात तीच येते. रुंद तोंडावर नको. तिथे स्टीलचा क्लॅम्प लावा. स्क्रूची होज क्लिप लावली तर तिचं डोकं अशा बाजूला फिरवा की ते कशाला घासणार नाही, आणि रबर बाहेर फुगेपर्यंत आवळू नका. बारीक तार गुंडाळून आवळायची पद्धत अजून दिसते. ती तार रबर कापते.

ग्रीस कोणतं?

मॅन्युअलमध्ये दिलेलं पहिलं. ते मिळत नसेल तर बॉल जॉइंटसाठी चांगलं लिथियमचं ग्रीस. बूट ठासून भरू नका, आखडताना ग्रीसला जायला जागा उरत नाही आणि दाबाने तोंड खोबणीतून बाहेर येतं.

नवा बूट बसवला, पण स्टिअरिंग वळवलं की एका बाजूचा आत चिपकतो.

हवा अडकतेय. एक बूट आखडतो तेव्हा त्यातली हवा रॅकच्या आतून किंवा वर सांगितलेल्या नळीतून दुसऱ्या बूटमध्ये जाते. ती वाट ग्रीसने बुजली असेल, नळी बसायची राहिली असेल किंवा भोक जुळलं नसेल तर बूट पोटात जातो आणि घडी दांड्याला घासून फाटते. क्लॅम्प सोडून वाट मोकळी करा. तसंच, स्टिअरिंग सरळ असताना बूट आवळला होता ना, तेही आठवून बघा. एका टोकाला वळवलेल्या स्थितीत आवळलेला बूट दुसऱ्या टोकाला गेल्यावर ताणून खोबणीतून सुटतो.

उद्या पहाटे गावी निघायचंय आणि आत्ता लक्षात आलं की बूट फाटलाय. गणपतीत गॅरेज बंद. काय करू?

आधी खेळ तपासा, वर सांगितलंय तसा. टक्‌-टक्‌ लागत असेल तर ही गाडी नेऊ नका, एसटी पकडा. खेळ नसेल तर चिरेच्या आजूबाजूची घाण कापडाने पुसा, आत हात किंवा पाणी घालू नका, आणि स्वतःलाच चिकटणारी सिलिकॉनची टेप मिळाली तर स्टिअरिंग सरळ ठेवून घडीभोवती सैलसर गुंडाळा. टेप वळणावर ताणली जाणार, म्हणून घट्ट नको. साधी इलेक्ट्रिक टेप ग्रीसवर धरत नाही. सायकलच्या ट्यूबचा तुकडा उभा चिरून गुंडाळला आणि दोन्हीकडे केबल टाय लावली तरी काही दिवस निघतात, पण ट्यूब घड्या आखडू देत नसेल तर काढून टाका.

गाडी पाण्याच्या डबक्यातून नेऊ नका, वाटेत अंडरबॉडी वॉश घेऊ नका. परत आल्यावर पहिल्या दोन-चार दिवसांत बूट उघडा, आतलं ग्रीस बोटावर चोळून पाहा, खरखर लागली तर रॅक एंडही मागवा.